वाचलेला पगार नेमका गेला कुठे?

प्रश्न : कोल्हापूरजवळ शिरोली औद्योगिक वसाहतीत आमचे मशीन शॉप आहे. फौंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचे मशीनिंग करून आम्ही पंप आणि वाहनांचे भाग बनवणाऱ्या कंपन्यांना माल देतो. माणसे ३८ आणि वर्षाची उलाढाल नऊ कोटींच्या आसपास आहे. सध्या तीन जागा रिकाम्या आहेत. सेटरची, म्हणजे नव्या कामासाठी मशीन जुळवून देणाऱ्याची, जागा (पगार ३२,०००) सात महिने, क्वालिटी इन्स्पेक्टरची (२४,०००) पाच महिने आणि हिशेब व वसुली पाहणाऱ्याची (२८,०००) नऊ महिने रिकामी आहे. बाबा म्हणतात, “जवळजवळ सहा लाख रुपये पगार वाचला आणि काम तर चाललेच आहे. मग घाई कशाला?” मी इंटरनेटवर सापडलेल्या एका सूत्राने हिशेब केला, तर नुकसान ४१ लाखांचे निघाले. तो कागद पाहून बाबा हसले. दरम्यान ओव्हरटाइम महिन्याला १८,००० वरून ६१,००० रुपयांवर गेला आहे, नाकारलेल्या एका लॉटपोटी ग्राहकाने १ लाख ४० हजारांची डेबिट नोट लावून तेवढी रक्कम कापली आहे, ग्राहकांकडची येणी सरासरी ५२ दिवसांऐवजी ७१ दिवसांनी येत आहेत, सेटिंग जमणारे दोन जुने ऑपरेटर नुकतेच कागलला दुसऱ्या कारखान्यात गेले आणि एका पंप कंपनीने मागितलेले नव्या भागाचे नमुने आम्हाला वेळेत देता आले नाहीत. जागा भरायला हव्यात हे बाबांना कसे पटवून देऊ?
— एक वाचक, शिरोली

उत्तर : तुमचे पूर्ण पत्र (वर त्याचा सारांशच छापला आहे) आणि त्यासोबतचा तक्ता मी काळजीपूर्वक पाहिला. सेटिंगचे तास, येणी, डेबिट नोट आणि ओव्हरटाइम यांची इतकी नीट नोंद ज्या कारखान्यात होते, तिथे निर्णय चुकण्याचे कारण माहितीचा अभाव हे नसते. अडचण अशी आहे की तुमच्या घरात सध्या दोन आकडे फिरत आहेत, बाबांचे सहा लाख आणि तुमचे ४१ लाख, आणि माझ्या मते ते दोन्ही चुकीचे आहेत.

आधी तुमचा आकडा पाहू, कारण तो बाजूला ठेवल्याशिवाय बाबांशी बोलणे पुढे जाणार नाही. उलाढाल भागिले माणसे भागिले कामाचे दिवस, हे ते सूत्र. नऊ कोटींना ३८ ने आणि मग ३०० दिवसांनी भागले की दर माणशी दर दिवशी साधारण ७,९०० रुपये येतात. तीन जागांचे मिळून २१ महिने, महिन्याला २५ दिवस, म्हणजे ५२५ दिवस धरले की ४१ लाख होतात. गणित बरोबर आहे, पण त्यामागचे गृहीतक बरोबर नाही. तुमच्या नऊ कोटींतला मोठा भाग कास्टिंगच्या किमतीचा आहे, तो पैसा तुमच्या हातून फक्त पुढे जातो. शिवाय सेटर नाही म्हणून त्याच्या वाट्याची उलाढाल बुडाली असे झालेले नाही. तुमचा माल गेला आहे, फक्त तो जास्त खर्चाने, जास्त त्रासाने आणि काही वेळा उशिरा गेला आहे. हे सूत्र भरती करून देणाऱ्या संस्थांना सोयीचे असते, कारण त्यातून आकडा नेहमी मोठाच निघतो. तीस वर्षे कारखाना चालवलेल्या माणसाला तो पाहताक्षणी खोटा वाटला असेल तर त्यांच्या हसण्यावर मी रागावणार नाही.

बाबांचा आकडा दुसऱ्या बाजूने अपुरा आहे. खरे तर त्यांनी बचत थोडी कमीच धरली आहे. पगारावर भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा, ग्रॅच्युइटी आणि रजेची तरतूद धरली, तर सेटर महिन्याला सुमारे ३६,००० ला, इन्स्पेक्टर २७,००० ला आणि हिशेबनीस ३१,५०० ला पडला असता. त्यांच्या त्यांच्या रिकाम्या महिन्यांनी गुणले की बचत सहा नव्हे, ६ लाख ७० हजार होते. हा आकडा बाबांच्या बाजूने लिहून ठेवा. त्यांच्या आकड्यातून काही वजा करण्याआधी आपण त्यात भर घालतो आहोत हे त्यांना दिसले, तर पुढचा कागद ते शांतपणे वाचतील.

आता प्रश्न एवढाच उरतो की न दिलेल्या या पगारापैकी किती रक्कम वेगळ्या नावाने, वेगळ्या खात्यातून बाहेर गेली. पगारपत्रकात रिकामी जागा शून्य दाखवते, तिचा खर्च मात्र ओव्हरटाइमच्या रजिस्टरात, ग्राहकाच्या डेबिट नोटमध्ये आणि बँकेच्या व्याजात दिसतो. ही तीन कागदपत्रे वेगवेगळ्या टेबलांवर असतात आणि ती एकत्र ठेवून पाहण्याचे काम ज्याचे, त्याचीच खुर्ची तुमच्याकडे नऊ महिने रिकामी आहे.

सेटरपासून सुरुवात करतो. तुमच्या तक्त्याप्रमाणे महिन्याला साधारण १४ सेटिंग होतात. सेटर ज्या कामाला अडीच तास घ्यायचा त्याला ऑपरेटरला पाच तास लागतात, आणि ते पाच तास त्याची स्वतःची मशीन बंद राहते. म्हणजे एका सेटिंगमागे अडीच अधिक पाच असे साडेसात तास, आणि महिन्याला १०५ मशीन तास गेले. तुमचा व्हीएमसीचा (व्हर्टिकल मशीनिंग सेंटरचा) दर ताशी ४५० रुपये आहे, पण बंद मशीनवर इन्सर्ट, म्हणजे कापणारी पाती, झिजत नाहीत, कूलंट लागत नाही आणि विजेची युनिटे पडत नाहीत. हा वाचणारा खर्च तुम्ही ११० रुपये धरला आहे, तो योग्य वाटतो. उरतात ३४० रुपये. मशीनचा हप्ता, शेडचे भाडे आणि वीजबिलातला डिमांड चार्ज यांना मशीन चालू आहे की बंद याच्याशी काही देणेघेणे नसते, म्हणून तासाचे हे ३४० रुपये गमावलेले धरायचे. असे महिन्याचे ३५,७०० होतात. सेटर पडला असता ३६,००० ला. म्हणजे जवळजवळ बरोबरी.

पण इथे थांबायला हवे, कारण बहुतेक लोक इथेच नुकसान दोनदा मोजतात. ते १०५ तास तुम्ही ओव्हरटाइम करून भरून काढले आहेत. माल गेला आहे. तेव्हा बुडालेले तास आणि ओव्हरटाइम या दोहोंपैकी एकच धरायचा. तुमच्या ऑपरेटरचा पगार २६,००० आहे. २६ दिवस आणि रोजचे आठ तास धरले तर ताशी १२५ रुपये, आणि ओव्हरटाइमला दुप्पट म्हणजे २५०. दुप्पट दर १९४८ च्या कारखाने कायद्यात होता आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेतही तो कायम आहे. वाढीव ओव्हरटाइम ४३,००० रुपयांचा, म्हणजे १७२ तासांचा. त्यातले १०५ तास सेटिंगमुळे गेलेले उत्पादन भरून काढण्यासाठी, म्हणजे २६,२५० रुपयांचे. राहिलेले ६७ तास तपासणी आणि डिस्पॅचसाठी थांबलेल्या माणसांचे, म्हणजे १६,७५० रुपयांचे.

हिशेब प्रामाणिक ठेवायचा तर हे मान्य करावे लागेल की सेटरच्या जागेवर, निव्वळ रोख पैशांत, बाबांनी आजवर महिन्याला नऊ-दहा हजार खरोखर वाचवले आहेत. त्यांचा अंदाज हवेतला नव्हता. ओव्हरटाइम घेऊन रिकामी जागा काही काळ निभावता येते, आणि ऑर्डरचा भरवसा नसताना ते शहाणपणाचेही ठरते. मंदी आली तर ओव्हरटाइम उद्यापासून बंद करता येतो, पण माणसाला काढणे तितके सोपे नसते आणि चांगल्या मालकाला ते जडही जाते. बाबांच्या मनात हेच असावे असे मला वाटते, पत्रात तुम्ही ते लिहिलेले नाही.

मात्र ही सोय किती काळ चालते याचे उत्तर कागलला गेलेल्या त्या दोन ऑपरेटरांनी दिले आहे. रिकाम्या जागेचे काम सगळ्यांवर सारखे वाटले जात नाही, ज्याला ते जमते त्याच्यावरच ते पडते. सेटिंग कोणाला येते? तुमच्या सर्वांत चांगल्या चार ऑपरेटरांना. सात महिने त्यांनी दोन माणसांचे काम केले, बारा-बारा तास थांबले, आणि ओव्हरटाइमचे पैसे मिळाले तरी हुद्दा ऑपरेटरचाच राहिला. ज्याला सेटिंग येते हे त्याला स्वतःला आणि शेजारच्या कारखान्याला कळले, त्याला कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत सेटर म्हणूनच नोकरी मिळणार. म्हणजे या जागेची किंमत २६,२५० वर थांबलेली नाही. एका रिकाम्या जागेतून आणखी दोन जागा रिकाम्या झाल्या आहेत, आणि ज्या ओव्हरटाइमच्या बळावर बाबांचा हिशेब उभा होता, तो करणाऱ्या चारांपैकी आता दोनच उरले आहेत. पुढच्या महिन्यात १४ सेटिंग कोण करणार, हा प्रश्न बाबांना विचारा. त्यासाठी कोणतेही सूत्र लागत नाही.

इन्स्पेक्टरच्या जागेचा हिशेब लहान आहे. पाच महिन्यांत १ लाख ३५ हजार वाचले आणि एकाच डेबिट नोटमध्ये १ लाख ४० हजार गेले, ओव्हरटाइमचे ८४ हजार वेगळेच. मात्र ती डेबिट नोट रिकाम्या जागेमुळेच आली असे ठरवण्याआधी मागच्या दोन वर्षांच्या डेबिट नोट काढून पाहा. इन्स्पेक्टर असतानाही वर्षाला एखादी येतच असेल, तर पूर्ण रक्कम या जागेच्या नावावर टाकणे अन्यायाचे होईल. तुमच्या वर्णनावरून मला वाटते की या वेळी कारण थेट आहे. इन्सर्ट झिजल्याने बोअर, म्हणजे भागातले छिद्र, लहान होत गेला, आणि पहिल्या नगाची मंजुरीही त्याच ऑपरेटरने दिली ज्याने तो नग काढला होता. विद्यार्थ्याने स्वतःचा पेपर स्वतःच तपासावा, तसा हा प्रकार आहे. त्यात ऑपरेटरचा अप्रामाणिकपणा नाही. संध्याकाळी सातनंतर, स्वतःच लावलेल्या सेटिंगवर, स्वतःच्याच मोजमापातली चूक माणसाला दिसत नाही.

डेबिट नोटची रक्कम एकदाच जाते, पण ग्राहकाकडच्या पुरवठादार गुणांकनात झालेली घसरण बराच काळ टिकते. वाहन उद्योगातल्या कंपन्या दर दहा लाख नगांमागे किती नग नाकारले आणि किती माल वेळेवर आला यांवरून पुरवठादाराला गुण देतात, आणि गुण उतरले की नव्या भागांच्या चौकश्या येणे आपोआप थांबते. कोणी पत्र पाठवून तसे कळवत नाही. हे पैशांत मांडू नका, कारण मांडता येणार नाही आणि बाबा पुन्हा हसतील. फक्त गेल्या वर्षी नव्या भागांच्या किती चौकश्या आल्या आणि या पाच महिन्यांत किती आल्या, एवढे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा.

आता तिसरी जागा. तुम्ही पत्रात तिच्याविषयी सर्वांत कमी लिहिले आहे, आणि माझ्या मते सर्वांत महाग तीच पडली आहे.

मशीन शॉपमध्ये हिशेबनीस हा बिगर उत्पादक खर्च समजला जातो. सीएच्या कार्यालयातून विवरणपत्रे भरली जातात, बिले बाबा रात्री बसून काढतात, मग माणूस हवा कशाला, असे वाटणे साहजिक आहे. पण बिल काढणे आणि पैसे आणणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम नऊ महिने कोणीच केलेले नाही. ५२ दिवसांची येणी ७१ दिवसांवर गेली, म्हणजे १९ दिवसांची विक्री बाजारात जास्त अडकली. नऊ कोटींच्या उलाढालीवर एका दिवसाची विक्री सुमारे २ लाख ४७ हजार होते, १९ दिवसांची जवळजवळ ४७ लाख. ही रक्कम तुम्ही कॅश क्रेडिटमधून, म्हणजे बँकेच्या फिरत्या कर्जातून, वापरत आहात आणि त्यावर साडेदहा टक्के व्याज भरत आहात. वर्षाचे ४ लाख ९२ हजार, महिन्याचे ४१,००० होतात. ज्या माणसावर ३१,५०० खर्च झाले असते, त्याच्या नसण्याचे आज तुम्ही बँकेला ४१,००० देत आहात.

इथेही एक सावधगिरी हवी. १९ दिवसांची वाढ सगळीच वसुली न झाल्यामुळे आहे का, की एखाद्या मोठ्या ग्राहकाने स्वतःच पैसे देण्याची मुदत वाढवली आहे, हे ग्राहकवार येण्यांची यादी काढल्याशिवाय कळणार नाही. शिवाय ही वाढ पहिल्याच महिन्यात झाली नसेल, ती हळूहळू चढत गेली असणार. म्हणून नऊ महिन्यांचे व्याज सरासरीने निम्म्या दराने, म्हणजे महिन्याला २०,५०० धरून सुमारे १ लाख ८५ हजार मोजा.

या माणसाने काय केले असते, हेही बाबांना नेमके सांगा. तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे खरेदीदाराने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होते. लघुउद्योजक ग्राहकावर व्याजाचा दावा सहसा लावत नाहीत, त्यांना पुढची ऑर्डर हवी असते, आणि ते मी समजू शकतो. पण आयकर कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीनंतर मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून वजा मिळत नाही, ती प्रत्यक्ष देईल त्या वर्षी मिळते. त्यामुळे मार्च जवळ आला की मोठ्या कंपन्यांचे लेखाविभाग स्वतःच अशा थकबाक्या शोधू लागतात. त्या यादीत तुमचे नाव यायचे असेल तर उद्यम क्रमांक बिलावर छापलेला हवा, प्रमाणपत्राची प्रत ग्राहकाकडे पोचलेली हवी आणि कोणीतरी दर आठवड्याला शांतपणे फोन करायला हवा. मोठ्या ग्राहकांची बिले ‘ट्रेड्स’ या बिलांवर आगाऊ पैसे देणाऱ्या ऑनलाइन मंचावर टाकून आधीच पैसे उचलण्याची सोयही आहे, तिथेही बिले चढवायला माणूस लागतोच. जीएसटीचा मुद्दा वेगळा. पुरवठादाराने बिल दाखवले नाही म्हणून जीएसटीआर-२बी या मासिक विवरणात न दिसणारे, खरेदीवर भरलेल्या कराचे क्रेडिट महिन्याच्या महिन्याला त्याच्या मागे लागून मिळवावे लागते, आणि सर्वसाधारणपणे पुढच्या आर्थिक वर्षाच्या ३० नोव्हेंबरनंतर ते घेता येत नाही. नऊ महिन्यांत असे किती क्रेडिट लोंबकळत आहे, हे सीएला आजच विचारा.

आणि बाबांचा वेळ. त्यांच्या रात्रीच्या बिलांना कोणी पगार देत नाही म्हणून ती फुकट आहेत असे नाही. पूर्वी ते महिन्यातून दोनदा पुणे आणि चाकणच्या ग्राहकांकडे जायचे आणि आता जात नाहीत, हे तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिले आहे. माझ्या मते सगळ्या पत्रातले सर्वांत गंभीर वाक्य तेच आहे. बिल कोणीही काढू शकतो, पण ग्राहकाच्या खरेदी अधिकाऱ्यासमोर बसून दर वाढवून मागणे तुमच्या कारखान्यात फक्त एकाच माणसाला जमते.

आता सर्व एकत्र करू. सेटरपोटी ओव्हरटाइम सात महिन्यांचा १ लाख ८४ हजार, इन्स्पेक्टरपोटी पाच महिन्यांचा ८४ हजार, डेबिट नोट १ लाख ४० हजार आणि व्याज १ लाख ८५ हजार. बेरीज सुमारे ५ लाख ९२ हजार होते. वाचलेले ६ लाख ७० हजार. म्हणजे आजवर हातात उरले आहेत ते पाऊण लाखाच्या आसपास, आणि त्यात गेलेले दोन ऑपरेटर, हुकलेले नमुने आणि ग्राहकाकडचे उतरलेले गुण धरलेले नाहीत. सहा लाखांच्या बचतीचे हे खरे रूप आहे, पण ४१ लाखांचे नुकसानही झालेले नाही, हे तुम्हीही मान्य करा.

पुढचा काळ मात्र मागच्यासारखा नाही. इथून पुढे महिन्याला ९४,५०० वाचतील, त्यासमोर ४३,००० ओव्हरटाइम आणि ४१,००० व्याज आहेच, म्हणजे ८४,००० ठरलेले. मागच्या गतीने डेबिट नोट आल्या तर महिन्याला सरासरी २८,००० आणखी, म्हणजे एकूण १ लाख १२ हजार. बचत आता संपली आहे आणि महिन्याला १७,००० च्या वर पदरचे जाऊ लागले आहेत. बाबांना पटवायचे तर मागच्या सात महिन्यांच्या निर्णयाला चूक म्हणू नका, कारण त्या वेळी तो तितकासा चूक नव्हता. पुढच्या महिन्याचा आकडा दाखवा.

तीनही जागा एकदम भरू नका. पहिल्यांदा हिशेब-वसुलीची भरा. अशी माणसे कोल्हापुरात मिळतात, ती महिन्याभरात कामाला लागतात आणि त्यांचा पगार व्याजातूनच सुटतो. पूर्ण वेळेचे काम नसेल तर अनुभवी, अर्धवेळ येऊ शकणारी व्यक्ती पाहा. घरच्या जबाबदाऱ्यांमुळे नोकरी सोडलेल्या आणि पुन्हा काम शोधणाऱ्या अनेक स्त्रिया या कामात अतिशय तयार असतात. फक्त तिला ‘डिस्पॅच पण बघ’ असे सांगून चार जागांवर उभे करू नका.

सेटरच्या बाबतीत माझा सल्ला वेगळा आहे. बाहेरून सेटर शोधू नका. जाहिरात देऊनही तो सहजी मिळणार नाही, कारण तो चाकणला किंवा कागलला तुमच्यापेक्षा जास्त पगारावर आहे. उरलेल्या दोघांपैकी ज्याचा हात चांगला आहे त्याला या महिन्यातच लेखी पत्र देऊन सेटर करा, पगार सेटरचा द्या आणि त्याच्या मशीनवर नवा ऑपरेटर घ्या. ऑपरेटर मिळणे सेटर मिळण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे. शिरोलीतल्या स्मॅक आणि गोकुळ शिरगावच्या गोशिमा या उद्योजक संघटनांच्या सभासदांत विचारा, जवळच्या आयटीआयमधल्या निदेशकांना भेटा. जाहिरातीत शिफ्ट, पगार आणि ओव्हरटाइमचा दर स्पष्ट लिहा, कारण ‘योग्य पगार दिला जाईल’ या वाक्याला आता कोणी फोन करत नाही.

शिकाऊ उमेदवारांविषयीही लिहितो, कारण पुढचा प्रश्न तोच येईल. तुमच्याकडे ३० पेक्षा जास्त माणसे आहेत, त्यामुळे शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणे तुम्हाला तसेही बंधनकारक आहे, आणि राष्ट्रीय योजनेत त्यांच्या विद्यावेतनाचा काही भाग सरकार देते. ते जरूर घ्या, दोन वर्षांनी तुमचे ऑपरेटर त्यांच्यातूनच तयार होतील. पण शिकाऊ मुलाच्या हातात गेज देऊन त्याला इन्स्पेक्टर समजू नका. लॉट अडवायचा अधिकार आणि तो अडवायची हिंमत या दोन्ही गोष्टी इन्स्पेक्टरला लागतात, आणि एकोणीस वर्षांच्या मुलाकडून मालकासमोर ट्रक थांबवण्याची अपेक्षा करणे त्याच्यावर अन्याय आहे. त्या जागेवर मोजमापाचा अनुभव असलेला डिप्लोमाधारक घ्या.

केंद्राच्या प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेचीही सीएकडे चौकशी करा. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात निर्माण झालेल्या वाढीव नोकऱ्यांसाठी मालकाला दर माणशी महिन्याला कमाल ३,००० रुपयांपर्यंत मिळतात, आणि उत्पादन क्षेत्रासाठी हा लाभ चार वर्षांपर्यंत आहे. ५० पेक्षा कमी माणसांच्या कारखान्याला किमान दोन वाढीव माणसे घ्यावी लागतात आणि ती सहा महिने टिकावी लागतात. मेख आहे ती ‘वाढीव’ या अटीत. तुमच्या पीएफ नोंदींतून ठरलेल्या आधारसंख्येपेक्षा माणसे वाढली तरच लाभ मिळेल, तेव्हा तो गृहीत धरून नेमणूक करू नका.

एक शक्यता अजून उरते. तक्ता पाहून बाबा म्हणतील की डिस्पॅचचे कागद आता सॉफ्टवेअरवरच होतात, त्यातले अर्धे काम उरलेलेच नाही. ते खरे असेल तर तेवढा भाग रद्द करा आणि तसे जाहीर करा. काम कोणाकडे गेले ते लिहून द्या, त्याचे पैसे द्या आणि जागा संपली असे माणसांना सांगा. न भरलेली आणि न मिटवलेली जागा सर्वांत वाईट, कारण ‘बघतोय, घेऊ लवकरच’ हे उत्तर तिसऱ्यांदा ऐकल्यावर कामगार मालकावर विश्वास ठेवणे सोडतो आणि मित्राकडे कागलच्या कारखान्याचा नंबर मागतो.

बाबांसमोर तीन कागद ठेवा. ओव्हरटाइमचा मस्टर, दोन वर्षांच्या डेबिट नोट आणि ग्राहकवार येण्यांची यादी. चौथा कागद, तो ४१ लाखांचा, फाडून टाका. निर्णय त्यांनाच घेऊ द्या, फक्त वसुलीचा माणूस या महिनाअखेरपर्यंत आणि सेटरची बढती पुढच्या पगाराआधी, एवढ्या दोन तारखा त्यांच्याच हाताने लिहून घ्या. उरलेल्या दोन ऑपरेटरांशी मात्र तारखांची वाट न पाहता याच आठवड्यात बाबांना बोलू द्या.